काबरीचं साल

माघ शुद्ध ५, शके १८५६

सकाळीच प्रेमचंद ओट्यावर येऊन बसला. माझ्या मित्राचा, सुकलालचा, हा एकुलता एक मुलगा. सुरतेला कापडाचं दुकान आहे, अंगावर चांगलं मांस चढलंय, पण मी त्याला चार इयत्ता शिकवलेल्या असल्यामुळे माझ्यासमोर तो अजून मांडी घालूनच बसतो.

"मास्तरकाका," म्हणाला, "आखाजीले मी बापूले सुरत ली जासू. मळा बटाईले दी टाकसू."

"बापूंना विचारलंस?"

"पाटीवर लिखीसन इचारं. त्यास्नी पाटी पुसी टाकी."

सुकलालचे दोन्ही कान दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेले. आता त्याला काहीसुद्धा ऐकू येत नाही. बायको आधीच गेलेली, त्यामुळे मळ्यातल्या घरात तो, त्याची केळी आणि त्याचे बैल एवढेच राहतात. गेल्या आठवड्यात एक उधळलेली गाडी मागून आली. सारा गाव ओरडत होता, आणि हा आपला तंबाखू मळत रस्त्याच्या मधोमध चालला होता. चाक धोतराला घासून गेलं. ही बातमी सुरतेला पोचली.

"दुकानमा गादीवर बठस आन् माले तीच गाडी दिसस, काका," प्रेमचंद म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते. मी त्याला रागवणार होतो, पण राहून गेलं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडे शेतीच्या साऱ्या ठरावांचा दिवस. शेत अर्ध्या वाट्याने बटाईला द्यायचं त्या दिवशी, वर्षाचे गडी, म्हणजे सालदार, ठेवायचे त्या दिवशी. मग वर्षभर त्यात बदल नाही. म्हणजे तीन महिने हातात आहेत.

सुकलाल गेला तर माझं कसं होईल, हे लिहूनच ठेवतो. पेन्शन घेतल्यापासून माझं बोलणं या गावात कुणाला नको असतं. सुकलालला ऐकू येत नाही हे खरं, पण माझं म्हणणं मन लावून समजून घेणारा तोच एक आहे. त्याला मी जाऊ देणार नाही. दुपारी उपायही सुचला. त्याला कुत्रा पाहिजे.

माघ शुद्ध ७

पाटी घेऊन मळ्यात गेलो. आमचं सगळं बोलणं पाटीवर चालतं. मी शुद्ध मराठीत लिहितो, तो तोंडाने अहिराणीत उत्तर देतो. लिहिलं, "तुझ्यासाठी एक उत्तम जातीचा कुत्रा निवडतो आहे. सोबत होईल आणि प्रेमचंदची काळजी मिटेल."

त्याने वाचलं. "कुत्रा कसाले? तू शे ना."

मी लिहिलं, "मी कुत्रा नाही."

हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तू सकाळे एकटाच राहस ना घरमा? दगूबाई भाकर कवय लई येस?"

दगूबाई म्हणजे माझी शेजारीण, दोन वेळची भाकर तीच पाठवते. दहा-साडेदहाला येते, असं लिहून दिलं. विषय कुत्र्याचा चालला होता, हा दगूबाईवर कसा गेला देव जाणे. बहिरेपणात माणसाचं लक्ष एका जागी ठरत नाही.

माघ वद्य ३

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर रेल्वेचे एक साहेब आहेत. त्यांच्याकडून कुत्र्यांवरचं इंग्रजी पुस्तक मिळालं, चित्रांसकट. तीन दिवस त्यातच आहे. कुत्रा निवडणं हे जावई निवडण्याइतकंच नाजूक काम आहे, घराणं आधी बघावं लागतं.

नवापूरच्या एका पारशीणबाईंकडे पांढरी केसाळ कुत्री आहेत. मांडीवर बसायला छान, पण तापीकाठच्या चैत्रात त्यांचा जीव जाईल. वंजाऱ्यांचा कारवानी कुत्रा उंच, सडपातळ, पळण्यात वाऱ्यासारखा, पण ससा दिसला की तो मालकाला विसरतो. राखणीला, सोबतीला, रुबाबाला एकच जात उरते, लांडग्यासारखा दिसणारा तो विलायती आल्सेशियन. साहेबांची बदली होते आहे आणि त्यांना त्यांचा टायगर चांगल्या घरी द्यायचा आहे. योग जुळून आला.

सकाळी उठताना भिंत धरावी लागली. पित्त आहे. दगूबाईने पाहिलं आणि उगाच डोळे मोठे केले. दुपारी ती सुकलालच्या मळ्याकडे जाताना दिसली. केळी आणायला गेली असेल, पण रिकाम्या हातांनी परत आली.

माघ वद्य ११

टायगर आला. काय जनावर आहे. कान उभे, छाती रुंद, आणि आवाज असा की शहाद्याच्या जिनिंगचा भोंगा लाजेल. बैलगाडीतून गावात शिरताना त्याने एकदा तोंड उघडलं आणि वडाखालची सारी मंडळी उठून उभी राहिली. सगळे म्हणाले, "मास्तर, आवाज शे बरं." मी म्हटलं, पुस्तक वाचून आणलाय.

सुकलालने त्याचं तोंड उघडून दात बघितले, पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भारी शे." त्याला पसंत पडला. काम फत्ते.

फाल्गुन शुद्ध ४

कसं लिहू. पुरता फजितवाडा झाला.

प्रेमचंद आज न कळवता आला. मळ्याच्या फाटकाशी पोचला तर टायगर आडवा. भुंकायला लागला तो थांबेचना. प्रेमचंदच्या हातात बापूंसाठी आणलेली सुरती घारीच्या मिठाईची टोपली, डोक्यावर ऊन. तो हाका मारतोय, कुत्रा भुंकतोय, शेजारच्या मळ्यातले गडी धावत आले, गावातून माणसं आली, मीही लगबगीने पोचलो. आणि पन्नास पावलांवर सुकलाल आमच्याकडे पाठ करून केळीला माती लावतोय. निवांत. एकदाही मागे वळला नाही. पाणी प्यायला उठला तेव्हा त्याला जत्रा जमलेली दिसली.

फाटकाशी उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बहिऱ्या माणसाला मी तालुक्यात सगळ्यात मोठ्याने भुंकणारा कुत्रा आणून दिला होता. सगळ्या गावाने त्या आवाजाची तारीफ केली. कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्या तर नाहीच. कुत्रा म्हटला की आम्हाला आधी भुंकणंच सुचतं.

 जाताना प्रेमचंद एवढंच म्हणाला, "आते तरी समजनं ना, काका? आखाजीले मी गाडी लईसनच येसू."

तो गेल्यावर मी पाटीवर लिहिलं, "तुला हे आधीच कळलं होतं?"

"पहिला दिनलेच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतला खूश व्हता," सुकलाल म्हणाला. "मी तुले इतला खूश कवय देखेल नही. कुत्रा ऱ्हाऊ दे म्हनं चार दिन."

टायगरला शहाद्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने आनंदाने नेलं. त्या व्यापाऱ्याचे कान शाबूत आहेत.

फाल्गुन शुद्ध ९

पुस्तक परत पाठवलं. त्यात बहिऱ्यांसाठी प्रकरण नाही.

आता नीट विचार करतो आहे. सुकलालला भुंकणारा कुत्रा नको, येऊन सांगणारा पाहिजे. अशी जात कुठे असते कोण जाणे. मी हात टेकले होते, पण तोच आज म्हणाला, "चाल, होळीले काठीले जाऊ. जालमसिंग कवयना बलाई ऱ्हायना." जालमसिंग हा सातपुड्यातल्या काठी गावचा, केळीच्या घडांना टेकू द्यायला सुकलाल त्याच्याकडून बांबू घेतो. मी लिहिलं की आता सण करायची वेळ नाही, आखाजी दोन महिन्यांवर आली. तो म्हणाला, "तू ये तर खरं. तुले बी जरा हवा लागी."

जातो. त्याचं मन रमेल.

फाल्गुन वद्य ३

आज घरी पोचलो. काठीची हकीकत सविस्तर लिहायला हवी.

अक्कलकुव्यापर्यंत गाडी, पुढे घाट पायी. सुकलालच्या वहाणेचा अंगठा सारखा निघत होता. दर वळणावर तो खाली बसून वहाण नीट करत राही आणि मला दगडावर बसायला लावी. त्याच्यामुळे आम्हाला फार वेळ लागला. इतक्या चांगल्या केळीवाल्याने वहाणेत काटकसर करू नये, असं मी त्याला लिहून दिलं.

वर पोचलो तो होळीच्या आदल्या दिवशीच्या दुपारी. डोंगराडोंगरातून माणसं उतरत होती, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. आणि ढोल. मी ढोल ऐकलेत, पण हे तसले नव्हेत. छातीच्या फासळ्या हलत होत्या. जालमसिंग माझ्या तोंडाशी तोंड आणून काही सांगत होता आणि मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. सगळी माणसं हातवारे करत होती, खांद्यावर थापटी मारून बोलावत होती, बोटांनी दाखवत होती. मी गांगरलो. सुकलाल तेवढा मजेत होता. त्या हजारो माणसांत तोच एक सराईत. मला हाताला धरून वाट काढत होता, खुणेने जागा मागत होता, आणि लोक त्याला समजून हसत होते. त्याला रोज जग कसं दिसत असेल, ते मला तिथे पहिल्यांदा समजलं. दोन वर्षं मी पाटीवर त्याला व्याकरण शिकवत होतो आणि हे एकदाही मनात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

कुत्री पुष्कळ होती. सगळी भुंकत होती, म्हणजे तोंडं उघडत-मिटत होती, आवाज एकाचाही पोचत नव्हता. इतक्यात सुकलालने माझा दंड दाबला. समोर जालमसिंगची मावशी, गजराबाई, बसली होती. एक काबरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, कुत्री गर्दीतून आली, तिने म्हातारीच्या तळव्यात नाक खुपसलं आणि लुगड्याचा काठ दातांत धरून ओढला. म्हातारी लगेच उठून तिच्यामागे गेली. आम्हीही गेलो. मागे बांबूच्या ढिगात करडू अडकलं होतं. म्हातारीने ते सोडवलं आणि परत येऊन बसली, जसं काही रोजचंच.

"देखं का?" सुकलाल म्हणाला. मी त्याचे ओठ वाचले. इतक्या दिवसांत प्रथमच उलटं झालं.

ढोल थांबल्यावर जालमसिंगला विचारलं. तो म्हणाला, "डोंगरमा भुंकेल कुत्राले बिबट्या पहिले लई जास. गप ऱ्हास तेच जगतस. त्यास्नाच वंश चालस." ही तर निवड झाली, आणि ती बिबट्याने केलेली. साहेबांच्या पुस्तकातल्यापेक्षा कडक. मी जातीचं नाव विचारलं तर म्हणाला, "डोंगरनी." पुस्तकात ही जात नाही, हा पुस्तकाचा दोष.

गजराबाईने आपली कुत्री द्यायला साफ नकार दिला. पण तिची वर्षाची मुलगी होती, आईसारखीच काबरी, आईच्या मागे मागे राहून सगळं शिकलेली. म्हातारीने सुकलालला समोर बसवलं, एक भाकर मोडून अर्धी त्याला खायला दिली आणि अर्धी त्याच्या हातून कुत्रीला घातली. तोपर्यंत म्हातारी कुत्रीकडे नाही, त्याच्याच तोंडाकडे बघत होती. मग हाताने 'न्या' अशी खूण केली. जालमसिंग म्हणाला, "मावशीले तुमना दोस्त आवडना."

उतरताना वहाण एकदाही निघाली नाही.

चैत्र शुद्ध ६, शके १८५७

काबरीचं शिक्षण जोरात चालू आहे. फाटकाशी कोणी आलं की ती न भुंकता मळ्यात जाते आणि सुकलालचं धोतर ओढते. भात शिजून उतू गेला तरी ओढते. मी तिला 'हुशार' असा शेरा दिला आहे. शाळेत असे फार दिले नाहीत.

शिकवण्याची पद्धत मात्र सुकलालची विचित्र. रोज सकाळी उजाडताच तो तिला माझ्या घरी घेऊन येतो, अर्धी भाकर माझ्या हातून घालायला लावतो आणि परत जातो. मळ्याची कुत्री, तिला गावातली वाट कशाला? मी विचारलं तर म्हणाला, "पाय मोकया व्हतस तिना."

आज म्हणाला, "मास्तर, अंगनमा आडवा पड."

मी लिहिलं, "लाज वाटते."

"पड ना. कुत्रीले शिकाडानं शे. मानूस पडेल दिसना तर माले बलावानं."

मुद्दा रास्त होता. उद्या मळ्यात एखादा गडी उन्हाने पडला तर? पडलो. सुकलाल मळ्याकडे चालता झाला. काबरीने माझा हात हुंगला, गाल हुंगला आणि गेली ती त्याला घेऊनच आली. असं पाच वेळा. दगूबाई कुंपणावरून बघत होती, हसली नाही. एरवी माझ्या फजितीवर ती पहिली हसते.

मी त्याला लिहून दिलं की दुसऱ्या कुणालाही आडवं पाडून बघ, कुत्रीला एकाच माणसाची सवय बरी नाही. त्याने पाटी पुसली.

चैत्र शुद्ध १३

प्रेमचंदला पत्र टाकलं: कुत्री तयार आहे, आखाजीला येऊन परीक्षा घे. सही ठसठशीत केली.

चैत्र वद्य ९

चार दिवस लिहिता आलं नाही. हात अजून थोडा कापतो, पण अक्षर ठीक आहे.

झालं ते असं. दुपारी वर्तमानपत्रातली केळीच्या भावाची बातमी सुकलालला दाखवायला निघालो होतो. केळीच्या बागेतून जवळची वाट आहे. मधेच डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी पाटात पडलो. पाणी थोडंच होतं, पण तोंड चिखलात आणि उजवा हात अंगाखाली. उठता येईना. मी हाक मारली. सुकलालला हाक मारली. दुसऱ्या कुणाचं नाव तोंडात आलंच नाही. बहिऱ्याला हाका मारतोय हे समजत होतं आणि तरी मारत होतो. त्या वेळी मला फार भीती वाटली. ती लिहून ठेवतो, कारण पुन्हा कुणाला सांगणार नाही.

मग तळव्यात ओलं नाक लागलं. एकदा गालाला. मग ती गेली, पानांचा आवाज दूर गेला. थोड्या वेळाने पावलं आली, माणसाची, जोरात. सुकलालने मला उचललं. साठी उलटलेला माणूस, पण पोतं उचलावं तसं उचललं. तो एकसारखा म्हणत होता, "उनू ना मी, उनू ना." किती घाबरट आहे.

शहाद्याहून डॉक्टर आले. हृदय थकलंय म्हणे. या वयात थकणारच. एकटं राहू नका म्हणाले, मी मान हलवली. मुख्य मुद्दा असा की कुत्री परीक्षेत पास झाली, आणि तीही अचानक घेतलेल्या. माझी निवड बरोबर ठरली. आता प्रेमचंद काय बोलणार?

वैशाख शुद्ध ३, आखाजी

सकाळी घागर भरली, माझ्या गेलेल्या बायकोच्या, कमलबाईच्या नावाने. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दगूबाईने खापरावरची पुरणपोळी आणि आमरस दिला. गावात झोके बांधलेत, पोरी गाणी म्हणतायत. मी काठी घेऊन मळ्यात गेलो. डॉक्टरांनी काठी लावलीय.

प्रेमचंद बोलल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. मी फाटकाच्या आत, जांभळीखाली बसलो होतो. त्याला खुणेने सांगितलं, हाक मारू नकोस, नुसता उभा राहा. काबरीने त्याला पाहिलं. एक आवाज नाही. वळली, केळीत गेली आणि सुकलालचं धोतर दातांत धरून त्याला फाटकाशी घेऊन आली. मुलगा दिसताच सुकलाल हसला. प्रेमचंद खाली बसून तिच्याकडे बघतच राहिला. माझी छाती फुगली होती.

जेवणं झाली. बटाईवाला शेतकरी बाहेर ताटकळत होता. प्रेमचंद हात धुऊन मला म्हणाला, "कुत्री हुशार शे, काका. मी ना म्हनत नही. पन एक कुत्रीवर बापूले सोडी जाऊ? तुम्हीच सांगा."

 तेवढ्यात सुकलाल उठला. प्रेमचंदचा प्रश्न त्याने ऐकला नव्हता, पण चेहरा वाचला असावा. म्हणाला, "आज आखाजी शे. मी सालदार ठेवी ऱ्हायनू. तू साक्षी. मास्तर साक्षी."

आमच्याकडे साल ठरतं तेव्हा सालदाराला घरात जेवू घालतात आणि साक्षीदारांसमोर त्याचं काम सांगतात. सांगितलेलं काम वर्षभर मोडता येत नाही, मालकालाही नाही. सुकलालने पुरणपोळी मोडली, काबरीला समोर बसवून घातली, आणि मोठ्याने काम सांगायला लागला. बहिरा झाल्यापासून त्याचा आवाज चढतोच, आज बाहेरच्या शेतकऱ्यापर्यंत गेला.

"काबरीनं काम आयका. सकाळे उजेड व्हताच मास्तरना घर जावानं. मास्तर उठना का, देखानं. नही उठना तर माले बलावानं. दुपारले बी जावानं, सांजले बी. वाटमा पडना तर बलावानं. मळाना काम नंतर."

 मग तो प्रेमचंदकडे वळला. "मी सुरतले उनू तर हाऊ हाक कोनले मारी? त्या दिन पाटमा पडना तवय बी मालेच मारी ऱ्हायंता. बहिरा शे मी, तरी मालेच." त्याचा आवाज फाटला. "माले नको नेऊ, पोऱ्या."

आधी मला राग आला. चारचौघांत धोतर सुटल्यासारखं झालं. पाटी ओढली आणि लिहिलं, इतक्या जोरात की पेन्सिल मोडली: "कुत्री मी तुझ्यासाठी शोधली!"

"आन् मी तुन्हासाठे," सुकलाल म्हणाला.

मग एकेक करून सगळं डोळ्यांसमोर आलं. वहाण, सकाळची अर्धी भाकर, अंगणात आडवं पडणं, दगूबाईची मळ्यातली फेरी. मी तीन महिने त्याला सांभाळतोय असं समजत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवायला त्या ओसरीवर परकं कोण होतं?

 प्रेमचंदने बाहेर जाऊन बटाईवाल्याला नमस्कार करून परत पाठवलं आणि आत येऊन रीतीप्रमाणे विचारलं, "साल कितलं?"

सुकलालला मी लिहून दाखवलं. तो म्हणाला, "एक. पुढली आखाजीले परत बठसूत."

"साक्षी मान्य," प्रेमचंद म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. साक्षीदार दोन लागतात.  मी पाटीवर 'मान्य' लिहिलं आणि खाली सही केली.

आणलेल्या रिकाम्या गाडीत प्रेमचंद केळीचे घड भरून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काका, आते गादीवर बठनू तर काबरी दिसी." आम्ही जिंकलो. तिघंही जिंकलो, आणि चौथीही.

वैशाख शुद्ध ४

उजाडता उजाडता जाग आली. अंग ठीक होतं. अंगणात पावलांची टकटक ऐकली आणि मला लहर आली. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून तसाच पडून राहिलो. सालदाराचा पहिला दिवस, काम बघायला नको?

काबरी आत आली. तळव्यात नाक, मग गालाला. मी श्वास रोखला. तिने धोतराचा काठ एकदा ओढला, आणि गेली. भुंकली नाही.

मी खिडकीकडे कूस केली. केळीच्या बागेतून सुकलाल येताना दिसला. अनवाणी, अंगात बंडीसुद्धा नाही, डोक्याचा पंचा वाटेत कुठेतरी पडलेला. साठी उलटलेला माणूस धोतर हातात धरून धावत होता, आणि पुढे काबरी, सारखी मागे वळून बघत. दगूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती, तोंडावर पदर धरून.

तो दारात आला तेव्हा मी उठून बसलो आणि म्हटलं, "उत्तीर्ण."

ऐकू आलं नाही, पण ओठ कळले. त्याने मला अशी शिवी दिली की दगूबाई घरात पळाली. शाळेतून काढलं असतं मी त्याला. मग तो खाटेवर माझ्या शेजारी बसला, धापा टाकत, आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ सोडला नाही.

माझ्यासाठी असं धावत कोणी येईल, हे मला या वयात पाहायला मिळालं. पाटी मी आज काढलीच नाही. चहा टाकला, गुळाचा, आणि काबरीला तिची अर्धी भाकर घातली.